बाबागाडी घेण्याआधी

सांगली

चि. सोनूस,


तू पाठवलेले बाबागाड्यांचे फोटो बघितले. दिसायला सगळ्याच छान आहेत, गुलाबी तर तुझ्या मामीने पासच करून टाकली. पण चाकं अर्धी कापलेली आणि ब्रेक एकाही फोटोत नाही. सायकलींच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला विचारलंस, तर तो गाडी खालून वर बघणार.

तुझं घर साताऱ्यात समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला. म्हणजे राजवाड्याकडे जाताना उतार आणि घरी येताना चढ. तेव्हा आधी ब्रेक. मागच्या दोन्ही चाकांना एकाच पट्टीने एकदम लागणारा बघ. वेगवेगळे खटके असले की घाईत एक राहतो आणि गाडी अडलेल्या चाकाभोवती गोल फिरते. दुकानातल्या सपाट फरशीवर सगळेच ब्रेक लागतात. पाच-सहा किलोची पिशवी पट्ट्यांत बांध, दुकानाच्या रॅम्पवर गाडी तोंड खाली करून उभी कर, ब्रेक लाव आणि हलका धक्का दे. चाक खटकन अडलं पाहिजे. कुरकुरत, घसरत थांबलं तर ती गाडी तिथेच सोड. दांड्याला मनगटात अडकवायची वादी असेल तर फारच चांगलं, कारण उतारावर फोन वाजला की एक हात सुटतोच. आणि दांड्याला भाजीच्या पिशव्या लटकवायच्या नाहीत. बाळाला उचललं की गाडी मागे उलटते, चढावर तर बाळासकट.

इकडे सांगलीत चढ नाही, चिखल आहे. पावसाळ्यात शामरावनगरच्या आतल्या गल्ल्यांत काय होतं ते तुला माहीतच आहे. ती काळी माती जोडचाकांच्या फटीत बसली की गाडी ढकलायची सोडून ओढत न्यावी लागते. त्यासाठी पुढे मोठं, एकेरी चाक हवं, आणि वळणारं असलं तरी सरळ लॉक होणारं. हवेचा टायर मऊ चालतो, पण त्याचं पंक्चर शेवटी माझ्याच गळ्यात येणार. भरीव फोमचा बरा. एवढं करून दोन्ही गावांना शोभेल अशी गाडी मिळाली नाही, तर साताऱ्याकडे बघून घे. सांगलीत बाळ मामीच्या आणि शेजारच्या काकूंच्या कडेवरून खाली उतरलं तर ना गाडीत बसणार!

जावईबापूंना ती छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी आवडलीय. मलाही आवडते. ओवेन मॅक्लारेन या इंग्रज इंजिनिअरने ती १९६५ मध्ये काढली. लढाऊ स्पिटफायर विमानाची चाकं पंखांत घ्यायची यंत्रणा केलेला माणूस, त्याला घडीचं काय अवघड! पण त्या बारक्या चाकांना तिकडचे गुळगुळीत फुटपाथ होते. शिवाय या घडीच्या बिजागऱ्यांत बोटं सापडतात. २००९ मध्ये अमेरिकेत त्याच नावाच्या कंपनीला सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवर घालायची आवरणं द्यावी लागली, कारण काही मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. कुठलीही गाडी घेतलीस तरी उघडता-मिटताना बाळ दुसऱ्याच्या हातात हवं.

आणि आपलं बाळ तीन महिन्यांचं. अजून मानही नीट धरत नाही. पाठ जवळजवळ सपाट होणारीच गाडी हवी, आणि बहुतेक छत्रीवाल्या गाड्या तेवढ्या झुकत नाहीत. ती बाळ बसायला लागल्यावर बघू. पट्टा खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून येणारा, पाच टोकांचा. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरी लावायचा.

उन्हात गाडीवर ओढणी टाकायची सवय लावू नकोस. कितीही पातळ असली तरी आत हवा कोंडते आणि गाडी तापते. पोवई नाक्यासारख्या गर्दीत तर गाडी नेऊच नकोस, बाळाचं तोंड रिक्षांच्या सायलेन्सरच्या उंचीला येतं. गाडीवर वॉकर फुकट देत असतील तर तो दुकानातच ठेव. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीला बंदी आहे, आणि तुमच्या घरात तर जिना आहे.

तुमच्या कारची डिकी मोजून उद्याच कळव. सीएनजीची टाकी सोडून उरते तेवढीच मोज. जावईबापू पूर्ण डिकीचं माप सांगतील.

तुझा,
मामा