पावतीवरची एक जादा ओळ

कागल तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी संकलनाचा संगणक सांभाळते. काट्यावर दूध, अॅनालायझरवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनघटक), आणि हातात पावती, एवढंच काम आमचं सॉफ्टवेअर करायचं. मग त्याच पावतीवर एक ओळ वाढली: त्या सभासदाची मागच्या दहा दिवसांची सरासरी फॅट. मोठ्या कंपन्या ज्याला डेटा अॅनालिटिक्स म्हणतात, ते आमच्याकडे असं आलं. त्यातून जे उमगलं, ते हे.

१. आकड्याला वेळेवर पोचावं लागतं. सरासरीचे तक्ते आधीही निघत होते. दहा दिवसांच्या बिलाबरोबर ते सचिवांच्या टेबलावर जात. पण तोवर फॅट उतरून आठवडा झालेला असे आणि पैसे कापले गेलेले असत. तीच सरासरी सकाळी काट्यापाशी हातात पडली की संध्याकाळच्या वैरणीत फरक करता येतो. नवं अॅप उघडा, पासवर्ड टाका, तक्ता शोधा, हे पहाटे धारा काढून आलेलं माणूस करणार नाही. त्यानं ते का करावं?

२. तुलना ज्याची त्याच्याशीच करावी. एचएफ गाय दूध भरपूर देते, पण फॅटला कमी. जर्सीचं दूध कमी, पण फॅट चांगली लागते. म्हशीचा हिशोबच वेगळा. शिवाय दोन धारांमधलं अंतर दिवसा कमी असतं, म्हणून संध्याकाळच्या दुधाला फॅट बहुधा जास्त लागते. त्यामुळे आमची ओळ सकाळ सकाळशी ताडून पाहते आणि संध्याकाळ संध्याकाळशी. गावाची सरासरी छापली असती तर गावात चर्चा भरपूर झाली असती आणि गोठ्यात काहीच बदललं नसतं.

३. आकडा प्रश्न विचारतो. उत्तर गोठ्यात असतं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि त्याखाली पॉइंटमागे पैसे कापले जातात. म्हणून फॅट उतरली की पहिला संशय पाण्याचा येतो. पण पाणी घातलं तर दोन्ही आकडे उतरतात. एकटी फॅट उतरली आणि एसएनएफ जागेवर राहिलं, तर कडबा कमी पडलाय का, हे विचारावं. एका मावशींनी पावती बघितली आणि लगेच म्हणाल्या, “शेवटच्या धारा वासराला सोडतोय न्हवं, त्याचंच हे.” अगदी बरोबर होतं त्यांचं, सगळ्यात जास्त फॅट शेवटच्या धारांतच असते. दोन्ही आकडे उतरले तर पाण्याइतकीच शंका दगडीची, म्हणजे कासेच्या आजाराची घ्यावी आणि कास तपासावी. म्हणून आमच्या पावतीवर ‘भेसळ’ हा शब्द कधीच येत नाही. ‘फॅट नेहमीपेक्षा कमी’ एवढंच छापतो.

४. सगळं विश्लेषण शेवटी नमुना घेणाऱ्याच्या हातावर उभं असतं. दूध डब्यात थोडा वेळ जरी स्थिर राहिलं तरी साय वर येऊ लागते. न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त दिसते, तळातून घेतला तर कमी. अॅनालायझर रोज नीट धुतला नाही तर आत थर बसतो आणि आकडे सरकतात. अधूनमधून गर्बर पद्धतीनं पडताळणी करावीच लागते. नवीन सुविधा आली की सगळ्यांचं लक्ष स्क्रीनकडे जातं. मला मात्र त्या ओळीनं नमुना घ्यायच्या पळीची किंमत शिकवली. चुकीचा आकडा सुबक छापून दिला तर लोक त्यावर जास्तच विश्वास ठेवतात, याची मला आजही धास्ती वाटते.

५. संस्थेचा फायदा सभासदाच्या फायद्यामागून येतो. जनावराचं दुखणं लवकर कळलं की डॉक्टर लवकर येतो आणि दूध टिकतं. थंडीत दूध वाढतं, उन्हाळ्यात आटतं. कोणाकडचं किती आटतंय हे रोज दिसत असल्यामुळे पशुखाद्याची पोती आणि टँकरची फेरी अंदाजानं ठरवावी लागत नाही. शिवाय पावतीवरचा हिशोब स्वतःला पटला की माणूस दोन रुपये जास्त देणाऱ्या दुसऱ्या डेअरीकडे वळण्याआधी विचार करतो. धंद्याला यापेक्षा मोठं काय हवं?

६. हे आकडे सभासदांचे आहेत, आपण फक्त सांभाळतो. कोणाचं दूध किती आटलं यावरून त्याच्या घरची ओढाताण कळते. ती यादी उचल देणाऱ्या सावकाराच्या किंवा खाद्य विकणाऱ्याच्या हाती पडता कामा नये. देशात २०२३ साली वैयक्तिक डेटाचा कायदा झाला. पण कायदा नसता तरी गावात राहणाऱ्याला ही मर्यादा कळायला हवी.

तुमचं दुकान असेल, कारखाना असेल, दवाखाना असेल. तुमची माणसं दिवसभर जो कागद किंवा जी स्क्रीन हाताळतात, तिथं त्यांच्या कामाची एकच ओळ वाढवून बघा. आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आराखडा काढण्याआधी एक सकाळ काट्यापाशी येऊन उभे राहा. काय छापायचं, ते रांगेतली माणसंच तुम्हाला सांगतील.