गावाचा अभ्यास : धर्मशाळा, पेठ आणि फुलबाग



सहामाही परीक्षेत सातवीच्या मराठीच्या पेपरात आम्ही एक लहानसा प्रश्न दिला होता : धर्मशाळा म्हणजे काय? दोन वाक्यांत लिहा. एका मुलाने लिहिले, ‘धर्मशाळा म्हणजे स्वस्त लॉज. तिथे गाद्या स्वच्छ नसतात.’

वाचून आधी हसू आले. लाल पेन उचलले, पण फुली मारवेना. मुलाने जे पाहिले तेच लिहिले होते. याहून वेगळे काही आम्ही त्याला वर्गात कधी सांगितले होते का? नाही. म्हणून या अंकाचा अभ्यासलेख आपल्याच गावावर, देवासवर, लिहायचे ठरवले. धर्मशाळा, पेठ आणि फुलबाग या तीन गोष्टी घेऊ. वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. पण लहान गाव कसे उभे राहते, हे या तिघींकडे एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

१. एका दिवसाची मजल

आधी भूगोल. देवासहून इंदूर साधारण ३५ किलोमीटर आणि उज्जैनही जवळजवळ तितकेच. आज बसने एक तास लागतो. पण बैलगाडी दिवसभरात २५ ते ३० किलोमीटर, फार तर थोडी अधिक चालते. म्हणजे पहाटे इंदूरहून निघालेली गाडी दिवेलागणीला देवासला पोहोचणार, बैल सुटणार आणि माणसे मुक्काम शोधणार. आग्रा-मुंबई रस्ताही आपल्या गावातूनच जातो. देवास ही अशी मुक्कामाची जागा आहे. शिवाय टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, आपल्या बोलण्यातल्या बडी माता आणि छोटी माता. त्यामुळे वाटसरूंच्या जोडीला यात्रेकरूही आले.

मुक्कामाला छप्पर लागते, त्यातून धर्मशाळा आल्या. जुन्या धर्मशाळेची रचना आठवा. मधे चौक, चौकात विहीर, भोवती पडवी आणि कोठड्या, एका बाजूला चुली. शिधा आपला आणायचा, रांधायचे, जेवायचे, भांडी घासून ठेवायची. बहुतेक ठिकाणी तीन दिवसांहून अधिक मुक्काम नाही, म्हणजे पुढच्याला जागा मिळते. निघताना पेटीत जमेल ते टाकायचे. लॉजवाला खोली विकतो, धर्मशाळा आसरा देते. फरक गादीत नाही, या व्यवहारात आहे.

माळव्यात या कामाचे सर्वांत मोठे नाव अहिल्याबाई होळकरांचे. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरहून कारभार पाहताना त्यांनी देशभर घाट, विहिरी, अन्नछत्रे आणि धर्मशाळा उभारल्या. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनीच पुन्हा बांधवले. विद्यार्थ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. हा दानधर्म त्या दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, तर आपल्या खासगी उत्पन्नातून करत. कोणता पैसा आपला आणि कोणता लोकांचा, हा हिशेब त्यांच्याकडे चोख होता. सार्वजनिक संस्था चालवणाऱ्या आम्हा सर्वांना हा धडा आजही उपयोगी आहे.

पुढे प्रत्येक समाजाने आपापली धर्मशाळा बांधली. पायरीशी संगमरवरी पाट्या, त्यांवर आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेली रक्कम, कुठे १०१ रुपये, कुठे ५१. पण इतिहास सांगताना अर्धाच सांगू नये. अनेक धर्मशाळांची दारे फक्त आपल्या जातीला उघडी होती आणि काही माणसांना विहिरीच्या काठालाही येऊ देत नसत. हा अन्याय होता. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता संपवली. पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, तोच नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्यात धर्मशाळा आणि सराई यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. नुसते छप्पर घातले म्हणून धर्मशाळा होत नाही. दार कोणाकोणासाठी उघडते, हेही पाहावे लागते.

२. पेठ कोणाच्या जिवावर चालते?

आता पेठेत या. नवरात्रात एक कुटुंब दर्शनाला आले आणि रात्री धर्मशाळेत उतरले, असे समजा. ते काय काय घेईल? नारळ, चुनरी, कुंकू, साखरफुटाणे, देवीसाठी फुलांची माळ. सकाळी पोहे-जिलबी. परत जाताना शेजाऱ्यांसाठी शेव. मुलाची चप्पल तुटली तर चांभाराकडे टाका. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामातून सात-आठ दुकानांच्या गल्ल्यात पैसा पडला. तेच कुटुंब दर्शन घेऊन लगेच गाडीने परतले असते, तर नारळ आणि माळ यांवरच खरेदी आटोपली असती. धर्मशाळा भाडे घेत नसली तरी पेठेला कमाई मिळवून देते. म्हणूनच व्यापारी धर्मशाळेला देणगी देत. त्यात धर्म होता आणि व्यवहारही होता. दोन्ही एकत्र असण्यात काही गैर नाही.

महेश्वरचे उदाहरण पाहा. अहिल्याबाईंनी तिथे विणकर आणून वसवले. घाटावर यात्रेकरू येत राहिले, मागावर साडी विणली जात राहिली. महेश्वरी साडीच्या काठावरच्या नक्षींत विटेची, चटईची, हिऱ्याची नक्षी असते, तशी चमेलीच्या फुलाचीही असते. मुक्काम, व्यापार आणि फूल, तिन्ही एका काठात आले.

पेठेतला सर्वांत अवघड धंदा आमच्या मते फुलवाल्याचा. किराण्याचा माल आज नाही तर उद्या खपतो. झेंडू दोन-तीन दिवस टिकतो, मोगरा मात्र एक दिवसही नाही. पहाटे माल उचलतानाच संध्याकाळपर्यंत किती खपेल याचा अंदाज बांधावा लागतो. जास्त घेतला तर नासतो, कमी घेतला तर गिऱ्हाईक दुसऱ्या ठेल्यावर जाते. नववी-दहावीच्या मुलांनी नफा-तोट्याची गणिते करताना टेकडीच्या पायथ्याशी बसणाऱ्या फुलवालीला चार प्रश्न विचारावेत. पुस्तकात नाही ते गणित तिला तोंडपाठ असते. मात्र विचारायला जाताना एक माळ विकत घ्यावी. तिचा वेळ फुकट नसतो.

३. फुलांचे वेळापत्रक

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. वनस्पतींची नावे शाळेत हिंदीत शिकलो आणि मराठी नावे घरी, आजीच्या पूजेच्या परडीतून. शाळेतला गेंदा घरी झेंडू होता, गुडहल जास्वंद, गुलदाउदी शेवंती, कनेर कण्हेर, चांदनी तगर आणि हरसिंगार म्हणजे प्राजक्त. आपली मुले आज ‘गेंद्याची माळ’ म्हणतात. ती चूक समजून रागावू नये. पण झेंडू हा शब्दही त्यांच्या जवळ असावा, एवढीच इच्छा.

आता प्रत्यक्ष बागेकडे वळू.

झेंडू : नवरात्र-दसऱ्याला फुले हवीत तर बी जुलैच्या सुरुवातीला गादीवाफ्यावर पेरावे. पाच ते सात दिवसांत उगवते. साधारण चार आठवड्यांनी रोपे संध्याकाळच्या वेळी हलवावीत, दोन रोपांत हातभर अंतर ठेवावे. रोप वाढीला लागले की शेंडा खुडावा. फांद्या फुटतात आणि फुले वाढतात, मात्र ती थोडी उशिरा येतात. लावणीपासून सुमारे दोन महिन्यांत फूल हाती येते. म्हणजे दसऱ्याची तयारी आषाढातच सुरू होते.

शेवंती : हिला लांब रात्र लागते. दिवस लहान झाल्यावरच कळी धरते. एक प्रयोग करा. एक कुंडी अंधाऱ्या जागी आणि दुसरी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवा. दिव्याखालची कुंडी उशिरा फुलेल किंवा फुलणारच नाही.

मोगरा : डिसेंबरात पाणी तोडावे, जानेवारीत छाटणी करावी, मग शेणखत आणि पाणी द्यावे. मार्चपासून कळ्या दिसू लागतात.

गुलाब : ऑक्टोबरात छाटणी केली तर सुमारे दीड महिन्याने बहर येतो.

कण्हेर : दिसायला सुंदर, पण पान, फूल, बी, सर्व विषारी. लहान मुलांनी तोंडात घालू नये.

आता एक प्रश्न. यातला मूळचा आपला कोण? झेंडू मेक्सिकोकडचा. समुद्रमार्गे युरोपच्या व्यापाऱ्यांबरोबर आपल्या देशात आला. शेवंतीचे मूळ चीनमध्ये. परक्या मुलखातून आलेला झेंडू आज दसऱ्याच्या तोरणात नसेल तर दार सुने वाटते. आपलेही तसेच आहे. १७२८ च्या सुमारास तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या भावांनी इथे राज्य स्थापले, पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती झाली, आणि त्यांच्यामागे आपली घराणी दक्षिणेतून आली. दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. आपण मात्र इथलेच झालो. कोणीतरी जागा दिली म्हणून झालो.

४. आमची एक चूक

हे सर्व सांगताना एक कबुली दिली पाहिजे. चार वर्षांपूर्वी शाळेच्या फाटकाजवळ प्राजक्ताचे एक झाड होते. सायकल स्टँडसाठी जागा हवी म्हणून ते तोडण्याच्या कागदावर आम्हीच सही केली. शेजारच्या गल्लीतल्या एक आजी रोज पहाटे तिथे फुले वेचायला येत. येताजाता मुलांना नाव विचारत, आडनावावरून कुळ ओळखत, कोणाचे आजोबा कोणत्या कचेरीत होते तेही सांगत. झाड गेले आणि आजी यायच्या थांबल्या. आम्ही झाड तोडले, पण त्याबरोबर एक शिक्षिका गमावली हे पुष्कळ उशिरा कळले. आता बरीच मुले व्हॅनने येतात आणि सायकल स्टँड अर्धा रिकामा असतो.

५. एक विनंती

शाळेला लागून असलेल्या आपल्या समाजाच्या धर्मशाळेमागे फुलबागेचा एक तुकडा आहे. तिथे फरशी घालून लग्नप्रसंगी मोटारी लावायची सोय करावी, असा विचार गेल्या महिन्याच्या सभेत झाला. विश्वस्तांची अडचण आम्हाला समजते. छप्पर गळते, वीजबिल येते, आणि लग्नाच्या भाड्याशिवाय इमारत चालत नाही. नुसत्या आठवणींवर धर्मशाळा टिकत नाही, हे मान्य आहे.

तरी दोन गोष्टी सुचवतो. पहिली, फरशी अर्ध्याच भागाला घालावी. उरलेला अर्धा भाग एका वर्षासाठी शाळेला द्यावा. मुले मोगरा, शेवंती आणि झेंडू लावतील. लग्नाच्या माळा आणि तोरणे तिथल्याच फुलांची होतील, त्यांचा हिशेब नववीची मुले लिहितील आणि येणारी रक्कम धर्मशाळेच्या दुरुस्तीत जमा होईल. निर्माल्यातला दोरा आणि प्लास्टिक काढून त्याच कोपऱ्यात खत करता येईल. एक प्राजक्तही लावू. खड्डा आम्ही स्वतः खणू.

दुसरी, लग्नसराईतही दोन खोल्या भाड्याने देऊ नयेत. एक जिल्हा रुग्णालयात आलेल्या रोग्याच्या नातेवाइकांसाठी, दुसरी बाहेरगावाहून परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्यांसाठी. आडनाव न विचारता. वर्षानंतर हिशेब पाहून सभेने काय ते ठरवावे. तोटा दिसला तर आम्ही आग्रह धरणार नाही.

६. स्वाध्याय

१) गावातील कोणत्याही एका धर्मशाळेच्या पाट्या वाचा. सर्वांत जुने साल आणि सर्वांत लहान देणगी वहीत लिहा.

२) घरातील मोठ्या माणसांना विचारा : परगावी कधी धर्मशाळेत उतरलात का? कोणी जागा दिली, कोणी नाकारली?

३) आपल्या गल्लीतील दहा फुलझाडांची नावे मराठीत आणि हिंदीत लिहा.

४) झेंडूचे एक वाळलेले फूल सोडवून त्यातील बिया मोजा. एका फुलातून किती रोपे होऊ शकतील?

५) धर्मशाळा म्हणजे काय? पुन्हा दोन वाक्यांत लिहा.

त्या मुलाला आम्ही अखेर अर्धा गुण दिला. त्याने पाहिले ते खरे लिहिले, त्याचा तो अर्धा गुण. उरलेला अर्धा त्याने मिळवायचा असेल, तर त्याला पाहायला आधी तशी धर्मशाळा हवी. ते काम त्याचे नाही, आपले आहे.