स्टीलमधल्या एका भोकाला किती रुपये लागतात?

बदलापूरच्या घरी पाण्याच्या फिल्टरचा वेगळा नळ बसवायचा होता. सिंकच्या काठावर १२ मिमीचं एक भोक, एवढंच काम. ड्रिल मशीन घरात होतं, डब्यात बिटं होती. बिट टेकवलं आणि मशीन पूर्ण वेगाने सोडलं. कर्कश आवाज, थोडा धूर. थांबून पाहिलं तर स्टीलवर टिकलीएवढा, आरशासारखा चकाकणारा खळगा पडलेला आणि बिटाचं टोक निळं झालेलं. त्याच खळग्यात दुसरं बिट घातलं, तेही बोथट झालं. तिसरं मोडलं. दोनशे रुपये गेले आणि भोक झालंच नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जिन्याचं रेलिंग, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, सेफ्टी डोअर अशी स्टेनलेसची कामं घरोघरी निघतात, आणि असे दोनशे रुपये कितीजणांचे जात असतील. त्या दिवसानंतर विचारून, पाहून आणि पुन्हा करून जे हाती लागलं, ते इथे सांगतो.

आधी त्या खळग्याविषयी. साधं लोखंड, म्हणजे दुकानात ज्याला एमएस म्हणतात ते, उष्णता पटकन आजूबाजूला पसरवतं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस त्याच्या साधारण एक तृतीयांशच उष्णता वाहून नेतं, त्यामुळे सगळा ताप बिटाच्या टोकावर साठतो. शिवाय हे स्टील घासलं की कडक होतं. बिट कापायचं थांबून नुसतं घासू लागलं की खालचा पातळ थर कडक होतो. त्या थरावर बिट आणखी घासतं, आणखी तापतं आणि धार गमावतं. माझा चकाकणारा खळगा म्हणजे तोच कडक थर. त्यात नवं बिट घालणं म्हणजे तेही वाया घालवणं.

आता खरेदी. भिंतीचं बिट, ज्याच्या टोकाला कार्बाइडची चपटी टिकली बसवलेली असते, ते धातूला लावायचंच नाही. ते वीट-काँक्रीट ठोकून फोडण्यासाठी असतं, कापण्यासाठी नव्हे. धातूसाठी एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टील. ६ मिमीचं एचएसएस बिट चांगल्या भारतीय कंपनीचं घेतलं तर साधारण ७० ते १५० रुपयांना मिळतं. त्याच्या वरचं कोबाल्टचं. एम-३५ जातीत सुमारे ५ टक्के कोबाल्ट असतो, एम-४२ मध्ये ८ टक्के. कोबाल्टमुळे तापल्यावरही धार टिकते, आणि स्टेनलेसला हवी आहे ती नेमकी हीच गोष्ट. ६ मिमीचं एम-३५ साधारण २०० ते ४०० रुपयांत येतं, एम-४२ त्याहून महाग. घरच्या आणि लहान वर्कशॉपच्या कामाला एम-३५ पुरतं. एम-४२ चे जास्तीचे पैसे देऊ नका. ते जास्त ठिसूळ असतं आणि हातात धरलेल्या मशीनचा झोक त्याला सोसत नाही. पूर्ण कार्बाइडचं बिट तर हातमशीनला घ्यायचंच नाही.

रंगावर विसंबू नका. सोनेरी बिट म्हणजे कोबाल्ट, असा समज सगळीकडे आहे. सोनेरी रंग बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या मुलाम्याचा असतो, स्वस्त मालात तर नुसत्या रंगाचाही. खरा मुलामा असला तरी एकदा धार लावली की टोकावरचा गेलाच. कोबाल्ट पोटात मिसळलेला असतो, त्यामुळे कितीदाही धार लावा, तो तिथेच राहतो. दांड्यावर एम-३५ किंवा एचएसएस-सीओ असं कोरलेलं आहे का ते पाहा. मग टोक पाहा: स्टेनलेसला १३५ अंशांचं, मध्यावर चिरलेलं म्हणजे स्प्लिट पॉइंट टोक हवं. ११८ अंशांचं साधं टोक गुळगुळीत पत्र्यावर घसरतं आणि घसरता घसरता घासतं.

एकदोन भोकांसाठी अख्खा सेट घेऊ नका. पंचवीस बिटांच्या स्वस्त सेटमधली वीस बिटं कधी डब्याबाहेर येत नाहीत. लागेल तेवढ्या मापाचं एकच घ्या आणि भावात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वरून लागणार, ते आधी विचारा. हिशेब बिटाच्या किमतीवर नको, भोकावर मांडा. ४० रुपयांचं बिट दोन भोकांत बोथट झालं तर भोकाला २० रुपये पडले. ३०० रुपयांच्या कोबाल्टने तीस भोकं पाडली तर १० रुपये, आणि धार लावून ते पुन्हा उभं राहतं.

पण ३०० रुपयांचं बिटसुद्धा दहा सेकंदांत जाळता येतं. खरी मेख वेगात आहे. स्टेनलेसला बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला साधारण १२ मीटर धरतात. त्या हिशेबाने ३ मिमीच्या बिटाला मिनिटाला १,२७० फेरे, ६ मिमीला ६४०, १० मिमीला ३८० आणि १२ मिमीला ३२०. आता आपल्या मशीनवरची पट्टी वाचा. घरगुती मशीनवर बहुतेक वेळा २,६०० ते २,८०० फेरे लिहिलेले असतात, म्हणजे ६ मिमीच्या बिटासाठी चौपट जास्त. ट्रिगर अर्धवट दाबून वेग आवरा. बॅटरीचं दोन गिअरचं मशीन असेल तर मोठ्या बिटाला पहिला गिअर लावा. हॅमरचं बटण बंदच ठेवा.

वेग कमी, पण दाब जास्त. ही जोडी हाताला उलटी वाटते, कारण भीती वाटली की आपण हलक्या हाताने धरतो आणि तिथेच घासणं सुरू होतं. एक हिशेब करून पाहा. ६ मिमीचं बिट ६०० फेऱ्यांवर दर फेऱ्याला ०.१ मिमी आत गेलं तर मिनिटाला ६० मिमी जाईल. ३ मिमीची पट्टी टोकासकट पार व्हायला चार-पाच सेकंद. हाताने दुप्पट, चौपट धरा. पण मिनिट उलटलं तरी भोक पडत नसेल तर बिट कापत नाहीये. थांबा. दोन्ही कडांनी सारख्या, वळत येणाऱ्या लांब छिलक्या निघत असतील तर काम नीट चाललंय, नुसती भुकटी पडत असेल तर धार गेली. खळगा कडक झालाच असेल तर शक्य असल्यास पलीकडून भोक घ्या, नाहीतर ताज्या धारेचं कोबाल्ट बिट संथ वेगात, दाबून लावा.

सुरुवात सेंटर पंचाच्या एका ठोक्याने करा, फार ठोकलं तर तिथेही स्टील कडक होतं. कटिंग ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. लाल झालेलं बिट पाण्यात बुडवू नका, धारेला बारीक तडे जातात.

स्टील कोणतं, तेही बघावं. चुंबक चिकटला तर बहुधा ४३० सारखं स्टील, त्यात भोक सोपं. चिकटला नाही तर ३०४ असेल किंवा २०२. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, पण चुंबकाला दोन्ही सारखीच. त्यामुळे रेलिंगवाल्याने चुंबक लावून ‘बघा, ३०४ आहे’ म्हटलं तर मान डोलावू नका.

धार गेलेलं कोबाल्ट बिट टाकू नका. अंबरनाथमध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि ऑर्डनन्स फॅक्टरी १९५०च्या दशकापासून आहेत आणि एमआयडीसीच्या शेडमध्ये टर्नर-फिटर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले. हातावर बिट धरून ग्राइंडरला धार लावणारी माणसं इथे अजून सापडतात. मला एका लेथवाल्याकडे वीस रुपये लागले. त्याने बिट उजेडात धरून दोन्ही कडा सारख्या आहेत का ते दोनदा पाहिलं आणि मगच हातात दिलं. एक कड लांब राहिली तर भोक मापापेक्षा मोठं पडतं. घाऊक खरेदी असेल तर मुंबईत मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटचा हार्डवेअर बाजार गाठा. दोन-चार बिटांसाठी मात्र गावातलंच हार्डवेअरचं दुकान बरं, बदलून घ्यायला पुन्हा जाता येतं.

माझं सिंकचं भोक शेवटी ४ मिमीच्या कोबाल्टने सुरू केलं आणि स्टेप ड्रिलने, म्हणजे शंकूसारख्या पायऱ्यांच्या बिटाने, १२ पर्यंत वाढवलं. सिंकच्या पातळ पत्र्यात १२ मिमीचं साधं बिट अडकतं, झटका देतं आणि भोक तिकोनी पडतं. स्टेप ड्रिल साध्या प्रतीचं दोन-अडीचशेत मिळतं, चांगलं हजाराच्या पुढे. एकाच भोकासाठी साधं चाललं. मिक्सर नळाचं ३५ मिमीचं भोक असेल तर होल सॉ विकत घेण्यापेक्षा फॅब्रिकेटरला बोलवा आणि येण्याचे पैसे व भोकाचे पैसे वेगवेगळे विचारून घ्या.

पत्र्यामागे लाकडाचा तुकडा धरायला दुसरा माणूस घ्या. डोळ्यांवर चष्मा हवा, हातमोजे नकोत, ते बिटात गुंडाळले जातात. विजेचं मशीन असेल तर सिंक आधी कोरडं पुसा. भोक पडल्यावर मोठं बिट नुसत्या हाताने कडेवर दोनदा फिरवलं की बर, म्हणजे कडेचे धारदार काटे, निघते आणि नळाखालचा वॉशर नीट बसतो. आणि छिलक्या लगेच उचला. त्याच मशीनवर आधी लोखंडाचं काम झालं असेल, तर त्यातला कीस ओल्या सिंकमध्ये रात्रभर राहतो आणि सकाळी नव्या नळाभोवती तांबूस ठिपके दिसतात.