तारिणीची सागरप्रदक्षिणा

आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही. परंतु अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन शिडांच्या एका जहाजाचे सुंदर चित्र आहे. त्या जहाजाप्रमाणेच शिडांवर चालणारी ‘तारिणी’ ही नौका १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. नौका अवघी छप्पन्न फूट लांब. तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. पुरुष एकही नव्हता. वर्तिका जोशी या त्यांच्या प्रमुख. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे हे त्यांचे मार्गदर्शक. पण ते किनाऱ्यावरच राहिले.

पॅसिफिक महासागरात वादळाने त्यांना गाठले. वारा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने घोंगावत होता. सात मीटर उंचीच्या लाटा उसळत होत्या, आणि थंडी तर हाडे गोठविणारी! अशा वेळी शीड आवरण्यास क्षणाचा विलंब झाला, तर ते फाटून जाते. तरीही जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न ओलांडले.

परतीच्या वाटेवर सुकाणूच बिघडले. तेव्हा मॉरिशसला थांबून त्यांनी ते दुरुस्त करून घेतले आणि पुन्हा शिडे उभारली. २१ मे रोजी, २५४ दिवसांनी, तारिणी गोव्याच्या बंदरात शिरली.