बस्ती : अर्धी चिकित्सा, पुरती सावधगिरी

आषाढ सरत आला की आमच्याकडे एक प्रश्न हटकून येतो : "यंदा श्रावणात बस्ती घ्यावी म्हणतो, घ्यावी काय?" घरातील वडीलधाऱ्यांनी पूर्वी ती घेतलेली असते, गुडघे आणि कंबर पावसाळ्यात कुरकुरू लागलेली असतात, आणि शेजारचे कोणी घेऊन आलेले असते. परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. श्रावण हा आपल्याकडे व्रतांचाही महिना. सोमवार, शनिवार, एकादशी, जन्माष्टमी असे उपवास एकामागून एक येतात. "पोट रिकामेच आहे, तर त्याच दिवशी बस्ती उरकून घेऊ," असा विचार अनेक घरांतून होतो. या विचारातील चूक दाखविणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. तत्पूर्वी बस्ती म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे.

नाव आणि साधन

बस्ती या शब्दाचा मूळ अर्थ मूत्राशय. प्राचीन काळी बैल, म्हैस, हरिण, डुक्कर, बोकड इत्यादी जनावरांचा मूत्राशय स्वच्छ करून, कमावून, त्याची पिशवी करीत. तिच्या तोंडाशी नळी बांधीत आणि पिशवी दाबून गुदमार्गे औषध आत सोडीत. साधनाचे नाव पुढे उपचाराला मिळाले. त्या नळीला बस्तिनेत्र म्हणतात. ती सोने, रूपे, तांबे, पितळ, हाड, शिंग, वेळू अशा पदार्थांची करावी, गाईच्या शेपटाप्रमाणे टोकाकडे निमुळती असावी, गुळगुळीत असावी, असे चरकसंहितेत सांगितले आहे. सहा वर्षांच्या मुलास सहा अंगुळे, बारा वर्षांच्यास आठ आणि वीस वर्षांच्या पुरुषास बारा अंगुळे लांबीची नळी, असे वयाप्रमाणे मापही दिले आहे. आज मूत्राशयाच्या जागी रबराची किंवा प्लॅस्टिकची पिशवी आणि नेत्राच्या जागी मऊ रबरी नळी आली आहे. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. कटिबस्ती, जानुबस्ती या नावांनी जे उपचार होतात, त्यांत उडदाच्या पिठाचे आळे कमरेवर किंवा गुडघ्यावर करून त्यात कोमट तेल धरून ठेवतात. त्यांचा गुदमार्गाशी संबंध नाही. नाव केवळ साम्यावरून आले आहे. तसेच हठयोगाच्या षट्कर्मांतील बस्ती ही पाण्यात बसून करावयाची शुद्धिक्रिया आहे. ती वैद्याची औषधी बस्ती नव्हे.

अर्धी चिकित्सा का म्हटले?

वमन, विरेचन, निरूह, अनुवासन आणि नस्य ही चरकांची पाच कर्मे. या पाचांतील दोन, म्हणजे निरूह आणि अनुवासन, बस्तीचेच प्रकार आहेत, एवढ्यावरूनही तिचे माहात्म्य ध्यानी यावे. काही आचार्य बस्तीला अर्धी चिकित्सा मानतात, तर काही तिलाच संपूर्ण चिकित्सा म्हणतात, असे चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात नमूद आहे. त्यामागील विचार असा : पित्त आणि कफ स्वतः हलत नाहीत, त्यांना हलविणारा वायू होय, आणि त्या वायूचे मुख्य घर पक्वाशय, म्हणजे मोठे आतडे. तेव्हा घरमालकालाच शांत केले की घरातील गोंधळ आपोआप मिटतो. झाडाच्या मुळाशी पाणी घातले की पालवी शेंड्याला फुटते, हा दृष्टांत शास्त्रकारांनी याच ठिकाणी योजिला आहे.

श्रावणाची सांगडही येथेच लागते. ग्रीष्मात वायूचा संचय होतो आणि वर्षाऋतूत त्याचा प्रकोप होतो, असा आयुर्वेदाचा सिद्धांत आहे. म्हणून वाग्भटांनी वातासाठी श्रावण, पित्तासाठी कार्तिक आणि कफासाठी चैत्र हे शोधनाचे महिने ठरवून दिले. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचा एकोणिसावा अध्याय सर्वस्वी बस्तिविधीला वाहिलेला आहे. या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिणारे हेमाद्री हे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचे मंत्री होते. 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथात ज्यांनी व्रतांचा प्रचंड संग्रह केला, ते हेमाद्री हेच. व्रत आणि वैद्यक हे दोन्ही विषय एका मराठी मुलखातील विद्वानाच्या लेखणीतून उतरले, ही गोष्ट आपण विसरू नये. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दोन प्रमुख प्रकार

निरूह बस्ती ही काढ्याची. दशमूळ, एरंडमूळ, बला अशा वनस्पतींचा काढा तिचा मुख्य भाग असतो. मिश्रणाचा क्रम ठरलेला आहे : प्रथम मध आणि सैंधव घोटावयाचे, त्यात तेल किंवा तूप थोडेथोडे मिसळावयाचे, मग वाटलेल्या औषधांचा कल्क, आणि शेवटी काढा. रवीने घुसळून सर्व एकजीव झाले पाहिजे; तेल वर तरंगू लागले तर मिश्रण बिघडले असे समजावे. नंतर भांडे गरम पाण्यात ठेवून ते सुखोष्ण, म्हणजे अंगाला सुखावेल इतकेच कोमट, करतात. पूर्ण वयाच्या माणसास बारा प्रसृत, म्हणजे चोवीस पळे, हे कमाल माप सांगितले आहे. आजच्या हिशेबाने ते अकराशे मिलिलिटरच्या पुढे जाते. आजचे वैद्य बहुधा याहून पुष्कळ कमी देतात. सत्तर वर्षांनंतर माप कमी करून सोळा वर्षांच्या मुलाइतकेच द्यावे, असे चरकांनीच सांगून ठेवले आहे. वृद्धाचे शरीर पुन्हा कोवळे मानावे, हा त्यातील बोध.

अनुवासन बस्ती ही स्नेहाची, म्हणजे औषधी तेलाची किंवा तुपाची. हिचे माप निरूहाच्या मानाने पुष्कळ थोडे असते आणि ती काही प्रहर आत राहिली तरी बाधत नाही. निरूह मात्र एका मुहूर्ताच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या, आत बाहेर पडला पाहिजे. अनुवासनाचाच एक सौम्य प्रकार म्हणजे मात्राबस्ती. तिला सुमारे दीड पळे, म्हणजे सत्तर मिलिलिटरच्या आसपास, तेल पुरते. ओझी वाहून, वाटचाल करून किंवा श्रमाने थकलेले आणि दुर्बळ यांच्यासाठी ती सांगितली असून तिला पथ्याचा जाचही फारसा नाही.

केवळ निरूह देत राहिल्यास वायू वाढतो, केवळ स्नेह देत राहिल्यास जठराग्नी मंदावतो. म्हणून दोहोंची आलटून पालटून योजना करतात. आठ बस्तींचा योगबस्ती आणि तीस बस्तींचा कर्मबस्ती हे क्रम त्यातूनच सिद्ध झाले.

उपवासाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे वळू. निरूह बस्ती रिकाम्या पोटी द्यावयाची असते हे खरे. परंतु ती बाहेर पडल्यावर कोमट पाण्याने स्नान करून त्याच दिवशी हलके, उष्ण अन्न घ्यावयाचे असते. अनुवासनाचा नियम तर याच्या उलट आहे : उपाशी माणसास ती देऊच नये, भोजनोत्तरच द्यावी. म्हणजे संपूर्ण उपवासाचा दिवस दोहोंपैकी एकीलाही योग्य नाही. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाणे खाऊन केलेला उपवासही येथे चालत नाही. कारण तो आहार बस्तीनंतरच्या मंद अग्नीला पेलणारा नव्हे.

पथ्याचेही तसेच. जितके दिवस बस्ती चालली, त्याच्या दुप्पट दिवस पथ्य पाळावे असे शास्त्र सांगते. त्या काळात फार वेळ बसणे, फार वेळ उभे राहणे, फार बोलणे, प्रवास, दिवसा झोप, वेग अडविणे, गार उपचार, ऊन, शोक, संताप आणि अवेळी भोजन हे सर्व वर्ज्य. श्रावणातील आपला दिनक्रम आठवून पाहावा : पहाटेपासून पूजेला बसणे, दर्शनाच्या रांगेत उभे राहणे, कीर्तन संपेपर्यंत लघवीचा वेग अडवून धरणे, दुपार उलटल्यावर नैवेद्य आणि भोजन! वर्ज्य गोष्टींची यादी आपण जणू ओळीने आचरणात आणीत असतो.

चरकांना हे ठाऊक होते. सिद्धिस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्यांनी नेहमी आजारी असणारे चार वर्ग सांगितले आहेत : श्रोत्रिय, राजसेवक, गणिका आणि व्यापारी. राजसेवक धन्याच्या मर्जीपायी, व्यापारी एका जागी बसून देवघेवीत गुंतल्यामुळे, आणि श्रोत्रिय अध्ययन, व्रते व आन्हिक यांपायी देहाच्या हिताकडे पाहत नाही. वेग अडविणे आणि अवेळी जेवणे हा चौघांचा समान दोष. धर्मकृत्यात मग्न असलेल्या माणसाला येथे पुण्याची सूट मिळालेली नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

मग व्रत मोडावे काय? तशी गरज नाही. धर्मशास्त्राने व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी मोजल्या आहेत, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांबरोबर औषधही आहे. रोग्यास आणि वृद्धास प्रतिनिधीकडून व्रत करविण्याचीही मुभा आहे. तेव्हा बस्ती आवश्यकच असेल तर त्या दिवसांचा उपवास मुलाने किंवा सुनेने करावा. आजोबांनी नामस्मरण करून वेळेवर मऊ भात खावा. देव त्याने रुष्ट होत नाही.

देणाऱ्याचा हात

चरकांनी नळीचे आठ दोष सांगितले, पिशवीचे आठ सांगितले. परंतु देणाऱ्या माणसाचे दहा सांगितले. हवा आत जाऊ देणे, घाईने देणे, नळी तिरपी घालणे, हात कापणे, फार हळू किंवा फार जोराने दाबणे हे त्यांपैकी होत. रोग्यास डाव्या कुशीवर, डावा पाय लांब आणि उजवा पाय दुमडून निजवावे, या नियमाला आजच्या शारीरशास्त्राचाही दुजोरा आहे, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडेच असतो. पिशवीतील सर्व औषध न संपविता थोडे मागे ठेवावे, म्हणजे हवा आत शिरत नाही. एवढी बारकाई ज्या कर्माला लागते, ते घरच्या घरी, पुस्तक वाचून किंवा पिशवी विकत आणून करावयाचे नव्हे.

कोणास देऊ नये, याचीही यादी ग्रंथांत आहे. अजीर्ण, अतिसार, वांती, दमा, जलोदर, आतडे बंद पडलेला उदररोग आणि आतड्यास छिद्र पडलेला उदररोग यांत निरूह निषिद्ध आहे. यातील शेवटचे दोन निषेध आजच्या शस्त्रवैद्यासही तंतोतंत मान्य होतील. आजच्या ज्ञानाने त्यांत काही भर घातली पाहिजे. गर्भवती, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रोगी, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, नुकतीच आतड्याची शस्त्रक्रिया झालेले यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बस्ती घेऊ नये. पोटात एकाएकी तीव्र कळ उठली असता कोणत्याही प्रकारचा एनिमा देऊ नये. औषधांच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटचा एनिमाही वृद्धांना व मूत्रपिंडाच्या रोग्यांना घातक ठरू शकतो. गुदमार्गे दिलेले औषध रक्तात शोषले जाते, हे आधुनिक वैद्यकही मानते आणि त्याचा उपयोगही करते. म्हणूनच तेथे काय सोडतो याचा विचार हवा. बस्तीवर आजवर झालेल्या चाचण्या थोड्या आणि बहुधा लहान आहेत. तेव्हा तिने प्रत्येक वातरोग हटतो, असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. शौचाविषयी बोलण्याची आपल्या घरांत लाज असते. वडील सांगत नाहीत, सून विचारीत नाही. मलावाटे रक्त पडणे, वजन उतरणे, उतारवयात शौचाची जुनी सवय अकस्मात बदलणे, ही आतड्याच्या कर्करोगाचीही चिन्हे असू शकतात. अशा वेळी "वायू झाला आहे" असे म्हणून बस्ती घेत राहिल्यास मोलाचे महिने हातचे जातात. प्रथम तपासणी, मग निदान, आणि त्यानंतर उपचार, हा क्रम दोन्ही वैद्यकांत एकच आहे.

सारांश, यंदाच्या श्रावणात ज्यांना बस्ती घ्यावयाची असेल त्यांनी शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्याकडे जावे, आपले सर्व रोग आणि चालू औषधे मोकळेपणाने सांगावीत, आणि ते दिवस उपवासापासून वेगळे ठेवावेत. आज सायंकाळी दिवेलागण झाल्यावर आपल्या आईवडिलांजवळ घटकाभर बसून त्यांच्या पोटाची चौकशी करावी. ही चौकशीही मातृपितृसेवेचाच भाग आहे.