आपत्तीचा पैसा कधी जमतो आणि कोणाच्या हाती जातो?

अभ्यासासाठी शास्त्रभाग: प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०, १ करिंथ १६:१-४, २ करिंथ अध्याय ८ व ९



कोठे पूर आला, दरड कोसळली की आपल्या मंडळ्यांतून लगेच विचारणा होते, "आम्ही काय पाठवू?" हा प्रश्न प्रेमातून येतो आणि त्याबद्दल आम्ही कार्यकर्ते देवाचे आभार मानतो. पण पाड्यांवर काम करताना मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटू लागला आहे. आपत्ती येण्यापूर्वी आपण काय बाजूला ठेवले होते? या अंकातील अभ्यासात आपण दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहू. एक म्हणजे पहिल्या शतकातील मंडळ्यांनी दुष्काळासाठी केलेली वर्गणी, आणि दुसरी म्हणजे आजच्या ख्रिस्ती संस्थांची जागतिक साखळी आपत्तीत पैसा कसा उभा करते ती पद्धत. त्यावरून आपल्या मिशनने काय करावे, हे शेवटी पाहू.

अंत्युखियाच्या मंडळीची रीत

अगब नावाच्या संदेष्ट्याने मोठा दुष्काळ पडणार असे अंत्युखियात सांगितले. क्लौद्य बादशहाच्या कारकिर्दीत तो पडलाही. या चार वचनांत मदतकार्याचे तीन नियम आहेत.

पहिला नियम वेळेचा. शिष्यांनी दुष्काळाची सूचना मिळताच मदतीचे ठरवले. उपासमारीच्या बातम्या येईपर्यंत ते थांबले नाहीत. दुसरा नियम देण्याचा. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे होते, म्हणजे हे एखाद्या धनवान दात्याचे काम नव्हते. तिसरा नियम हातांचा. बर्णबा आणि शौल यांच्यामार्फत मदत यहूदीयातील वडीलवर्गाकडे सोपवली गेली. कोणाच्या घरात पीठ संपले आहे हे अंत्युखियाला ठाऊक असणे शक्य नव्हते. ते तिथल्या वडिलांना ठाऊक होते.

पुढे पौलाने यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी गलतिया, मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. त्यात आणखी दोन नियम दिसतात. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे आपण आल्यावर घाईने वर्गणी काढावी लागू नये, असे त्याने करिंथकरांस कळवले. आणि रक्कम नेताना त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधूही पाठवला. एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवहारात कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही सर्व चोख असावे, ही त्याची काळजी होती. या सगळ्यामागचा हेतू त्याने आठव्या अध्यायात समतेच्या शब्दांत मांडला आहे. एकाच्या विपुलतेतून दुसऱ्याची उणीव भरावी, आणि उद्या गरज पडली तर उलटही व्हावे.

आजची साखळी

'ॲक्ट अलायन्स' हे मंडळ्यांचे आणि मंडळ्यांशी जोडलेल्या सेवासंस्थांचे जागतिक जाळे २०१० साली आजच्या रूपात उभे राहिले. त्याचे मुख्य कार्यालय जिनिव्हात आहे. १२० हून अधिक देशांत त्याचे १४० हून अधिक सदस्य आहेत. भारतातील 'कासा' ही त्यांपैकी एक. फाळणीच्या निर्वासितांची सेवा करीत १९४७ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि आज ती २४ प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या वतीने मदतकार्य करते.

या जाळ्यात आपत्तीसाठी पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक वाट तातडीच्या निधीची. दाते आधीच पैसे देऊन ठेवतात. कोणत्या देशासाठी, कोणत्या संकटासाठी असे त्यावर लिहिलेले नसते. लहान किंवा मध्यम आपत्ती आली की त्या देशातील सदस्य थोडक्यात अर्ज करतात आणि मंजुरी लवकर मिळते. हा निधी प्रामुख्याने स्थानिक आणि राष्ट्रीय सदस्यांसाठी असतो. दुसरी वाट आवाहनाची. मोठी आपत्ती आली की गरजांचा अंदाज घेऊन अंदाजपत्रक तयार होते, ते जगभरच्या सदस्यांपुढे ठेवले जाते आणि ज्याला जमेल तो रक्कम कबूल करतो. अशा आवाहनांमागे बहुधा युरोप-अमेरिकेतील मोठ्या ख्रिस्ती संस्था उभ्या असतात. त्यांच्या स्वतःच्या पैशाचा बराच भाग त्या त्या देशांच्या सरकारांकडून येतो.

शास्त्राच्या कसोटीवर

वेळेच्या नियमाला पहिली वाट उतरते. पैसा आधीच जमलेला असल्याने पहिल्या आठवड्यातच ताडपत्री, धान्य, पिण्याचे पाणी पोहोचू शकते. आवाहनाच्या वाटेत मात्र अंदाजपत्रक, कबुली, करार आणि बँक अशा पायऱ्या असतात, आणि त्या चढेपर्यंत पहिली निकड सरून जाते. आवाहन निरुपयोगी आहे असे नाही. घरे पुन्हा बांधणे, विहिरी दुरुस्त करणे, बियाणे देणे ही पुढची मोठी कामे त्याच वाटेने होतात. परंतु पहिल्या दिवसांसाठी पैसा आधीच जवळ असला पाहिजे, त्याला पर्याय नाही.

समतेच्या नियमापुढे आवाहनाची वाट कमी पडते. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी किंवा २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप जगाने दूरदर्शनवर पाहिला आणि मदतीचा ओघ लागला. हळूहळू सरकणाऱ्या दुष्काळाचे, वर्षानुवर्षे छावणीत राहणाऱ्या लोकांचे तसे चित्र दिसत नाही. त्यांची आवाहने अर्धवट भरतात. देणगीवर दात्याने आपत्तीचे नाव लिहून दिले की ती रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणून संकटाचे नाव न लिहिलेली देणगी समतेच्या कामी येते. ती देताना दात्याला स्वतःच्या आवडीपेक्षा सेवकांच्या निर्णयावर जास्त विश्वास ठेवावा लागतो.

हातांच्या नियमाबाबत जगाने निदान कबुली दिली आहे. मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या दात्यांनी आणि संस्थांनी ठरवले की २०२० पर्यंत निधीचा किमान २५ टक्के भाग शक्य तितक्या थेट स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे जावा. प्रत्यक्षात थेट पोहोचणारा भाग दहा टक्क्यांच्याही खूप खाली राहिला. वडीलवर्गाच्या हाती सोपवण्याची अंत्युखियाची रीत आपल्या काळाला अजून जमलेली नाही.

चोख व्यवहाराच्या बाबतीत आजची साखळी पुष्कळ पुढे आली आहे. मदत धर्म, वंश किंवा राष्ट्र न पाहता केवळ गरज पाहून द्यावी, आणि मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी करू नये, असे १९९४ च्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत म्हटले आहे. ॲक्टच्या सदस्यांना अशा नियमांचे बंधन असते. आदिवासी भागात सेवा करणाऱ्या आपल्यासाठी हा नियम फार मोलाचा आहे. धान्याच्या पिशवीत पत्रिका घालू नये, यादी करताना कोण प्रार्थनेला येतो हे विचारू नये. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचा पंथ विचारला नव्हता. आपली साक्ष आपल्या वागण्यातून दिसू द्यावी. भुकेल्या माणसावर अट घालून मिळवलेले काहीही प्रभूला मान्य होणार नाही.

पाड्यापर्यंत पैसा का पोहोचत नाही

आता आपल्या भागाकडे वळू. परदेशी मदत भारतात विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० नुसार येते. सप्टेंबर २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला मिळालेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, मग ती दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही. अशी रक्कम आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. म्हणजे जागतिक जाळ्यातून एखाद्या मोठ्या भारतीय संस्थेला पैसा मिळाला तरी ती तो आपल्यासारख्या लहान मिशनकडे वर्ग करू शकत नाही. तिला स्वतःच्या माणसांकरवी काम करावे लागते. कायदा आहे तो पाळलाच पाहिजे. पण त्याचा अर्थ आपण समजून घ्यावा. पाड्याच्या सर्वांत जवळ जो हात आहे, त्यात पैसा यायचा असेल तर तो इथल्याच मंडळ्यांच्या अर्पणातून यावा लागेल.

जवळचा हात का लागतो? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता आली नाहीत, माणसांना डोंगर चढून जावे लागले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले आणि १५१ जणांचा जीव गेला. या दोन घटना देशभर कळल्या आणि मदत आली. पण उन्हाळ्यात कुडाच्या भिंतींचे घर वर्षभराच्या धान्यासकट जळते, नाल्याला पूर येऊन पाडा आठवडाभर तुटतो, वीज पडून बैलजोडी मरते, त्यांच्यासाठी जिनिव्हातून कोणी आवाहन काढणार नाही. शासनाची मदत मिळते, ती मिळवून देणे हेही आपले काम आहे. परंतु तलाठ्याचा पंचनामा, कागदपत्रे आणि मंजुरी यांत दिवस जातात, आणि वनहक्काचा दावा प्रलंबित असलेल्या कुटुंबाला कागदाची अडचण हमखास येते. त्या दिवसांत चूल पेटवायला जे लागते ते कोणीतरी द्यावे लागते.

आपल्या मिशनसाठी चार सूचना

या अभ्यासावरून मी पुढील सूचना कार्यकारिणीपुढे ठेवल्या आहेत. मंडळ्यांनीही त्यांचा विचार करावा.

१. कायमचा आपत्ती निधी असावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यासाठी वेगळे अर्पण घ्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल, ती नियमित असावी. कापणीच्या सणातील अर्पणाचा एक भाग त्यात घालावा. निधी मे अखेरीस, पावसापूर्वी, तयार असावा.

२. हा निधी एका पाड्याच्या किंवा एका संकटाच्या नावाने बांधू नये. त्या वर्षी कोठे गरज आहे हे समितीने ठरवावे.

३. निर्णय पाड्याजवळ व्हावा. प्रत्येक केंद्रात पाच जणांची समिती असावी. त्यात किमान दोन स्त्रिया असाव्यात आणि ख्रिस्ती नसलेला एक जाणता गावकरी असावा. ठरलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम त्यांनी मुख्य कार्यालयाच्या परवानगीची वाट न पाहता खर्च करावी आणि पावत्या आठवड्याच्या आत पाठवाव्यात. पाळकसाहेबांनी एकट्याने पैसा हाताळू नये. पौलानेही एकट्याने हाताळला नव्हता.

४. हिशेब दोन ठिकाणी लावावा. एक मंडळीच्या फलकावर, आणि दुसरा ज्या पाड्यावर मदत दिली तिथे, तिथल्या बोलीत वाचून दाखवून. दात्याला हिशेब द्यावा हे आपण मानतो. मदत घेणाऱ्यालाही तितकाच हक्क आहे.

आणखी दोन शब्द दात्यांसाठी. जुने कपडे पाठवण्याआधी विचारून घ्यावे. ते निवडण्यात, ठेवण्यात आणि वाहून नेण्यात बराच खर्च होतो, आणि नको असलेले कपडे ढिगाने पडून राहतात. शक्य तिथे पैसे द्यावेत, म्हणजे तांदूळ, डाळ आणि भांडी जवळच्या आठवडे बाजारातून घेता येतील आणि तिथल्या दुकानदारालाही आधार मिळेल. आणि सर्वच्या सर्व रक्कम गरिबांच्या हातीच पडावी, वाहतूक, हिशेबनीस, लेखापरीक्षण यांवर काहीच खर्च होऊ नये, असा आग्रह धरू नये. तीताच्या प्रवासालाही खर्च आलाच असेल. तो खर्च मर्यादेत आहे का आणि दाखवला आहे का, हे अवश्य विचारावे.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. अंत्युखियाने सूचना मिळताच मदतीचे ठरवले. हवामान खात्याचा इशारा मिळाल्यावर आपली मंडळी काय करते?

२. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः गरीब असून उदार होत्या (२ करिंथ ८:१-५). पाड्यावरील विश्वासी कुटुंबांनीही या निधीत द्यावे का? तसे केल्याने त्यांच्या मनावर काय परिणाम होईल?

३. प्रेषितांची कृत्ये ६:१-६ मध्ये वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते. आपल्या यादीतून कोण सुटते? एकट्या वृद्ध स्त्रिया, वेठीला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे, दुसऱ्या जमातीची घरे?

४. देणगीवर नाव न लिहिता देणे तुम्हाला कठीण का वाटते?

प्रार्थनेचे विषय

पावसाळ्यात तुटणाऱ्या पाड्यांसाठी, तहसील कार्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी, केंद्रांतील समित्यांना न्यायबुद्धी मिळावी म्हणून, आणि जगात ज्यांच्या संकटाची बातमीही होत नाही अशा लोकांसाठी प्रार्थना करा. पुढील कार्यकारिणीत निधीचा विषय आहे. तोवर प्रत्येक मंडळीने आपले मत सचिवांकडे लेखी पाठवावे, ही नम्र विनंती.