हाय-फ्लेक्स सांध्याने मांडी घालता येईल?

प्रश्न : आईचे वय ६६. गुडघा बदलायचे ठरले आहे. महागडा 'हाय-फ्लेक्स' सांधा घेतला तर तिला पुन्हा जमिनीवर बसून पूजा करता येईल का?

उत्तर : केवळ त्या आशेवर जास्तीचे पैसे मोजू नका. ही रचना अधिक वाकण्यासाठीच आखलेली आहे, हे खरे. पण साध्या रचनेशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत रुग्णांच्या चालण्यात, जिने चढण्यात किंवा समाधानात जाणवण्याजोगा फरक सहसा आढळलेला नाही. मागचा अस्थिबंध राखणारा सांधा की काढणारा, सांध्यातले प्लास्टिक स्थिर की सरकते, या तुलनांचा कौलही साधारण तसाच.

शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे मुख्यतः तो आधी किती वाकत होता यावर ठरते. आईंचा गुडघा आज जेमतेम ९० अंश वाकत असेल, तर कोणतीही कंपनी मांडीची हमी देऊ शकत नाही. शिवाय मांडी जमली, तरी रोज घालू नका असेच बहुतेक शल्यविशारद सांगतात. सांध्यातल्या प्लास्टिकवर ताण येतो. देव जरा उंचावर मांडा, समोर खुर्ची ठेवा.

डॉक्टरांना एक मात्र जरूर विचारा: झीज फक्त आतल्या बाजूला आहे का? तसे असेल आणि अस्थिबंध शाबूत असतील, तर गुडघ्याचा तेवढाच भाग बदलून भागू शकते. ब्रिटनमधल्या 'टॉपकॅट' चाचणीत (२०१९) पाच वर्षांनंतर अंशतः आणि पूर्ण बदललेल्या गुडघ्यांचे काम जवळपास सारखेच दिसले. अंशतः बदलाचा खर्च कमी होता.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा.